पीएचक्यू-९: मधुमेह असलेल्यांसाठी ही नऊ प्रश्नांची चाचणी कितपत कामाची?

मधुमेहाच्या तपासणीत साखर मोजली जाते, रक्तदाब बघितला जातो, तळपायाला नायलॉनचा तंतू टेकवून संवेदना तपासतात, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी लिहून देतात. मनाची चौकशी मात्र "बाकी बरं ना?" एवढ्यावर उरकते आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं: "हो, बरं आहे." त्या एका प्रश्नाच्या जागी नैराश्य चाचपणारे नऊ नेमके प्रश्न ठेवणारी चाचणी म्हणजे पीएचक्यू-९. मुळात ती सगळ्याच रुग्णांसाठी तयार झाली, पण मधुमेहाच्या दवाखान्यांत तिचा वापर इतका रुळला आहे की त्या वापराचा वेगळा हिशेब मांडायला हवा. हा आढावा त्यासाठीच आहे.

चाचणी लागतेच कशाला, हे आधी सांगायला हवं. मधुमेह आणि मनाचं नातं जुन्या वैद्यांच्याही लक्षात आलं होतं. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या थॉमस विलिस यांनी मधुमेहाचं मूळ दीर्घ दुःखात शोधलं होतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात मधुमेह असलेल्यांत नैराश्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट आढळली. २००८ च्या आणखी एका विश्लेषणाने दोन्ही दिशा तपासल्या. नैराश्य असलेल्यांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी जास्त, तर टाइप २ असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी जास्त निघाला. सतत ताणाखाली वाढलेलं कॉर्टिसोल हे संप्रेरक साखर चढवतं आणि इन्सुलिनचा असर कमी करतं. खचलेल्या माणसाचं चालणं थांबतं, गोळ्या चुकतात, बोटाला टोचून साखर बघणं नकोसं होतं. साखर बिघडली की थकवा आणि अपराधी भाव वाढतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. हा फेरा वेळेवर दिसणं हेच या चाचणीचं काम.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. चाचणी जरूर वापरावी, वर्षातून किमान एकदा वापरावी, पण मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत नुसत्या बेरजेवर कधीही विसंबू नये. ही बेरीज का फसवते आणि ती नीट कशी वाचायची, यावरच पुढे जास्त लिहिलं आहे.

हातात काय पडतं

एक पानी कागद. क्रोएंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी तो २००१ मध्ये प्रसिद्ध केला. वापरायला पैसे पडत नाहीत, परवानगी मागावी लागत नाही आणि बऱ्याच भाषांत तयार भाषांतरं मिळतात. भाषांतर तयार असेल तर तेच घ्यावं, घरच्या घरी करू नये. "उदास", "निराश", "हताश" या शब्दांचं वजन सारखं नाही. शब्द बदलला की उत्तर बदलतं आणि मग ठरलेल्या रेघांना, म्हणजे किती गुणांपासून संशय धरायचा त्या आकड्यांना, अर्थ राहत नाही.

प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल आहेत. पहिला, कशातच रस किंवा आनंद न वाटणं. दुसरा, उदास, हताश वाटणं. तिसरा झोपेचा, चौथा थकव्याचा, पाचवा भुकेचा. सहावा स्वतःबद्दल वाईट वाटण्याचा, आपण हरलो किंवा घरच्यांना खाली पाहायला लावलं असं वाटण्याचा. सातवा लक्ष न लागण्याचा. आठवा हालचाल आणि बोलणं मंदावण्याचा किंवा उलट चुळबुळ वाढण्याचा. नववा मरण बरं वाटण्याचा किंवा स्वतःला इजा करून घ्यावी असं मनात येण्याचा. प्रत्येकाला चार उत्तरं: अजिबात नाही (०), काही दिवस (१), निम्म्याहून जास्त दिवस (२), जवळजवळ रोज (३). बेरीज ० ते २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम ते तीव्र, विसापासून तीव्र, अशा पायऱ्या. भरायला दोन ते पाच मिनिटं पुरतात.

मूळ अभ्यासात १० ही रेघ धरली तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी ८८ टक्के पकडले गेले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर वगळले गेले. एका पानी, फुकट कागदासाठी ही कामगिरी उत्तम आहे. तरी ८८ या आकड्याने हुरळून जाऊ नये. समजा शंभर जणांनी कागद भरला आणि त्यातल्या पंधरा जणांना खरंच नैराश्य आहे. पंधरापैकी तेरा सापडतील. उरलेल्या पंच्याऐंशींपैकी दहा जण मात्र नैराश्य नसतानाही रेघेच्या वर जातील. म्हणजे रेघेवर गेलेल्या तेवीस जणांतल्या दहांना दुसरंच काहीतरी आहे. म्हणूनच हा कागद चाळणी आहे. निदान बोलून, समोरासमोर बसून, मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित डॉक्टर करतात.

दोन कागद, दोन्हींवर १२

मधुमेहात या चाळणीची भोकं जरा बदलतात. नऊपैकी पाच प्रश्न शरीराबद्दल आहेत: झोप, थकवा, भूक, लक्ष, हालचाल. मन ठणठणीत असतानाही बिघडलेली साखर या पाचही प्रश्नांना वर नेऊ शकते. एकेक बघू.

झोप. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीतून सोडायला लागतात आणि साखर आपल्यासोबत पाणी ओढून नेते. रात्री तीन-चार वेळा उठणाऱ्या माणसाने झोपेच्या प्रश्नाला ३ लिहिलं तर त्यात नवल नाही. पायांची जळजळ अंथरुणाला पाठ टेकल्यावर जास्त जाणवते. पहाटे साखर ७० च्या खाली घसरली तर माणूस घामाने चिंब होऊन, वाईट स्वप्नातून दचकून जागा होतो. वजन जास्त असेल तर घोरता घोरता श्वास अडकण्याचा त्रासही असू शकतो. या चारही कारणांचे उपाय वेगवेगळे आहेत आणि कागदावर सगळ्यांचा आकडा एकच.

थकवा. रक्तात साखर भरपूर आणि पेशी उपाशी, हे मधुमेहातल्या थकव्याचं सर्वांत सरळ कारण. त्याखेरीज मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. त्यातून थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, विसरभोळेपणा वाढतो आणि मनही पडतं. इथे कागद चुकत नसतो, पण कारण रक्ताच्या एका तपासणीत सापडण्यासारखं असतं. थायरॉइड मंदावणं, रक्त कमी असणं, मूत्रपिंडाचं काम घटणं हीही कारणं तपासावीत. टाइप १ असलेल्यांत थायरॉइडचा त्रास इतरांपेक्षा जास्त आढळतो.

भूक. साखर वाढली की भूक वाढते. साखर एकदम उतरली की समोर दिसेल ते खावंसं वाटतं. मेटफॉर्मिन सुरू केल्यावर मळमळ होते. सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड ही औषधं भूक कमी करतात, तेच त्यांचं काम. जुन्या मधुमेहात जठर रिकामं व्हायला वेळ लागू लागला तर दोन घासांत पोट गच्च होतं.

लक्ष आणि हालचालीबद्दल थोडक्यात. साखरेचे चढउतार डोकं जड करतात, धूसर दृष्टीमुळे वाचन सुटतं, साखर उतरताना हात थरथरतात आणि एका जागी बसवत नाही.

आता समजा दोन कागद समोर आहेत. पहिल्यावर उत्तरं अशी: रस १, उदासी ०, झोप ३, थकवा ३, भूक २, स्वतःबद्दल वाईट ०, लक्ष २, हालचाल १, नववा ०. बेरीज १२. दुसऱ्यावर: रस २, उदासी २, झोप २, थकवा २, भूक ०, स्वतःबद्दल वाईट ३, लक्ष १, हालचाल ०, नववा ०. बेरीज १२. फाइलमध्ये दोन्हींवर "१२, मध्यम" असा एकच शेरा पडेल. पण पहिल्या माणसाची आधी साखर, रात्रीच्या नोंदी आणि रक्त तपासायला हवं. दुसऱ्या माणसाशी त्याच दिवशी शांतपणे बसून बोलायला हवं.

हे वेगळं ओळखायला कागदातच सोय आहे आणि ती फार कमी ठिकाणी वापरली जाते. बेरजेशिवाय आणखी एक मोजणी करायची असते. किती प्रश्नांना २ किंवा ३ मिळाले ते मोजा. नवव्याला १ असला तरी तो धरा. असे प्रश्न पाच किंवा जास्त असतील आणि त्यांत पहिला किंवा दुसरा असेल, तर नैराश्याच्या आजाराचा दाट संशय. पहिल्या कागदावर असे चार प्रश्न आहेत आणि पहिला-दुसरा त्यांत नाही. दुसऱ्यावर पाच आहेत आणि पहिला-दुसरा दोन्ही आहेत. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, कृपया ते सोडू नका.

आमची आणखी एक शिफारस. बेरजेखाली दोन लहान आकडे लिहावेत: मनाच्या चार प्रश्नांचा (पहिला, दुसरा, सहावा, नववा) आणि शरीराच्या पाच प्रश्नांचा. पहिल्या कागदावर ते १ आणि ११ येतात, दुसऱ्यावर ७ आणि ५. ही ठरलेली अधिकृत पद्धत नाही, तिला स्वतःची रेघ नाही, म्हणून शरीराचे गुण वजा करून "नैराश्य नाही" असा निष्कर्ष कुणी काढू नये. झोप आणि थकवा ही नैराश्याचीही लक्षणं आहेतच, आणि काही माणसं मनाचं दुखणं शरीराच्याच भाषेत सांगतात. "उदास वाटतं" असं ती म्हणणार नाहीत, "अंगात त्राण नाही" म्हणतील. दोन आकडे फक्त एवढंच सांगतात की चौकशी कुठून सुरू करायची.

रेघ बदलावी का, हाही प्रश्न विचारला जातो. मधुमेहाच्या विशेष बाह्यरुग्ण विभागांतल्या रुग्णांवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० ऐवजी १२ ही रेघ जास्त योग्य ठरली. आमच्या मते बोलणं सुरू करण्यासाठी १० च ठेवावी. विनाकारण दोन शब्द जास्त बोलले गेले तर कुणाचं नुकसान होत नाही. औषध सुरू करण्याचा निर्णय मात्र १० वर घेऊ नये आणि १२ वरही घेऊ नये.

भरताना होणाऱ्या चुका

सर्वांत जास्त घडणारी चूक वेळेची आहे. तीन महिन्यांच्या सरासरीचा, म्हणजे एचबीए१सीचा, वाईट अहवाल हातात देऊन मग कागद भरायला लावला तर सहाव्या प्रश्नाचं उत्तर वर जाणारच. "मी पथ्य पाळलं नाही, माझीच चूक" हा विचार त्या क्षणी ताजा असतो. कागद आधी भरून घ्यावा, अहवाल नंतर.

दुसरी चूक साखर उतरलेली असताना भरून घेणं. ७० च्या खाली साखर असताना माणूस चिडचिडा, गोंधळलेला, रडवेलाही असू शकतो. आधी १५ ग्रॅम लवकर भिनणारी साखर द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावं. आकडा वर आल्यावरही डोकं लगेच ताळ्यावर येत नाही, म्हणून तासभर तरी थांबावं. कागदाच्या कोपऱ्यात त्या वेळची साखर लिहून ठेवली तर पुढच्या वेळी तुलना करताना फार उपयोग होतो.

नवरा, बायको, मुलगा किंवा सून शेजारी बसली असताना सहावा आणि नववा प्रश्न खरा भरला जात नाही. माणसाला एकट्याने भरू द्यावा. डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेली असेल, वाचता येत नसेल, तर घरच्या माणसाऐवजी नर्स किंवा समुपदेशकाने वाचून दाखवावं. वाचताना प्रश्न सोपा करण्याच्या नादात बदलू नये आणि "असं काही नाही ना?" अशा सुरात तर मुळीच विचारू नये. त्या सुरातच उत्तर लपलेलं असतं.

एक-दोन प्रश्न रिकामे राहिले तर उरलेल्यांच्या सरासरीने ते भरून बेरीज काढता येते. दोनपेक्षा जास्त रिकामे असतील तर बेरीज काढू नये. आणि रिकामा प्रश्न नववा असेल, तर तो विसरला गेला असं कधीही गृहीत धरू नये. तो तोंडी विचारावा.

नववा प्रश्न

या कागदाचं सर्वांत मोठं बळ आणि सर्वांत मोठा धोका याच ओळीत आहे. बळ हे की जो विषय काढायला सगळेच कचरतात तो इथे छापूनच आलेला असतो. धोका हा की उत्तर १ आलं, बेरीज ६ आली, "सौम्य" असा शेरा पडला आणि कागद फाइलमध्ये गेला. असं होता कामा नये. नवव्याला शून्याखेरीज काहीही असेल तर बेरीज विसरून त्याच भेटीत बोलायचं.

प्रश्नाच्या शब्दांत एक अडचण आहे. मरण आलं तर बरं, हा विचार आणि स्वतःला इजा करण्याचा विचार असे दोन्ही एकाच ओळीत बांधले आहेत. म्हणून पुढचे प्रश्न तोंडीच लागतात: असे विचार कधी येतात, काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का, आज घरी सोबत कोण आहे. असं विचारल्याने मनात नसलेला विचार शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो.

मधुमेहात इथे आणखी एक पदर आहे, जो साध्या कागदावर येतच नाही. इन्सुलिन घरातच, फ्रीजमध्ये असतं. काही माणसं मरायचं म्हणत नाहीत, पण "आता नाही टोचत, होऊ दे काय व्हायचं ते" म्हणून इंजेक्शन सोडतात. टाइप १ मध्ये इन्सुलिन पूर्ण बंद झालं तर एक-दोन दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, रक्तात आम्ल साठून जीव धोक्यात येऊ शकतो. वरचेवर कारण न सापडता साखर फार खाली जात असेल तरीही हळुवारपणे विचारावं: "डोस जास्त गेला तो चुकून, की मनात काही होतं?" जोखीम दिसली तर इन्सुलिन बंद करणं हा उपाय नव्हे. साठा घरच्या जबाबदार माणसाकडे ठेवायचा, हाताशी गरजेपुरतंच इन्सुलिनचं पेन राहू द्यायचं, डोस कुणाच्या तरी समोर घ्यायचा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पोचायचं. आत्ता, या क्षणी इजा करून घेण्याचा विचार मनात असेल तर माणसाला एकटं न सोडता थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावं.

ज्या दवाखान्यात नवव्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी वाचायला कुणी नाही, त्यांनी हा कागद वाटू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. नववा प्रश्न गाळलेली पीएचक्यू-८ ही आवृत्ती आहे, पण ती संशोधनाच्या सर्वेक्षणांना ठीक. समोर बसलेल्या माणसाला तो प्रश्न विचारणंच योग्य.

जोडीला दुसरा कागद

पीएचक्यू-९ मध्ये मधुमेह हा शब्दच नाही. त्यामुळे रोजच्या मोजमापाचा, टोचण्याचा, खाण्यावरच्या पहाऱ्याचा जो शीण येतो तो तिला नेमका पकडता येत नाही. या शिणाला मधुमेहाचा मनस्ताप म्हणता येईल. तो नैराश्यासारखा दिसतो, पण वेगळा आहे. एक खूण सांगतो. मनस्ताप असलेल्या माणसाला मधुमेह सोडून बाकी गोष्टींत रस असतो. साखरेचा विषय निघाला की तो मिटतो. नैराश्यात सगळ्यावरच सावली पडते. दोन्ही एकत्रही असू शकतात.

त्यासाठी पेड नावाची २० प्रश्नांची चाचणी १९९५ पासून वापरात आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, बेरजेला १.२५ ने गुणायचं, म्हणजे १०० पैकी आकडा मिळतो. ४० किंवा जास्त आला तर मनस्ताप गंभीर. पाच प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे, तिच्यात २० पैकी ८ ही रेघ. दुसरा पर्याय डीडीएस, १७ प्रश्नांचा. त्यात १ ते ६ गुणांची सरासरी काढतात: २ च्या खाली ठीक, २ ते २.९ मध्यम, ३ च्या पुढे जास्त. डीडीएसचा फायदा म्हणजे त्रास कुठून येतो ते चार कप्प्यांत वेगळं दिसतं: भावनिक ओझं, डॉक्टरांशी जमत नसणं, पथ्य-औषधांचा जाच आणि घरच्यांची साथ नसणं. सरासरी २ च्या आत असली तरी एखाद्या कप्प्याची ४ निघते आणि बोलायला नेमका धागा मिळतो.

हा भेद कागदापुरता नाही. पेड वर आणि पीएचक्यू-९ खाली असेल तर नैराश्याच्या गोळीने फारसं साधणार नाही. तिथे दिवसाचं वेळापत्रक सोपं करणं, डोस कमी वेळा बसवता येतो का पाहणं, साखर उतरण्याची भीती असेल तर लक्ष्याचा आकडा थोडा सैल करणं आणि मुख्य म्हणजे न रागावता ऐकून घेणं हे उपाय आहेत.

डब्ल्यूएचओ-५ हाही चांगला कागद आहे. त्यातली पाचही वाक्यं सकारात्मक असल्याने नव्या रुग्णाला बुजायला होत नाही. बेरजेला ४ ने गुणायचं. ५० किंवा कमी आलं तर पीएचक्यू-९ द्यावी.

आकडा वर आल्यावर

आधी रक्त: ब-१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि एचबीए१सी. मग चालू औषधांची यादी, स्टेरॉइड आणि दारूसह. पूर्वी कधी कित्येक दिवस झोप न लागता प्रचंड उत्साह, वारेमाप खर्च, न थांबणारं बोलणं असं झालं होतं का, हेही विचारावं. तसं असेल तर नुसतं नैराश्याचं औषध उलटू शकतं. ही चौकशी पीएचक्यू-९ करत नाही आणि ही तिची खरी उणीव आहे.

औषध लागलंच तर मधुमेहात निवडीला महत्त्व आहे. सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटीन या गटातल्या औषधांनी साखर थोडी उतरू शकते, म्हणून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर सुरुवातीचे काही आठवडे साखर जास्त वेळा मोजावी. मिर्टाझापीन आणि अमिट्रिप्टिलीन भूक आणि वजन वाढवतात. पायांच्या जळजळीसाठी रात्री अमिट्रिप्टिलीनचा लहान डोस बऱ्याच जणांना आधीच चालू असतो, तो नव्या डॉक्टरांना सांगायचा राहून जातो. ड्युलोक्सेटीन नैराश्य आणि मज्जातंतूंचं दुखणं दोन्हींवर चालतं. त्याने उपाशीपोटीची साखर किंचित वाढू शकते. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे आणि पुरता दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर "काही उपयोग नाही" म्हणून मध्येच आणि स्वतःच्या मनाने बंद करू नये. सौम्य ते मध्यम नैराश्यात विचार आणि वागणुकीवर काम करणारी संभाषणोपचार पद्धत हा तितकाच गंभीरपणे घ्यायचा पर्याय आहे.

मन सुधारलं की साखर आपोआप सुधारेल, ही आशा मात्र ठेवू नये. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाथवेज या अभ्यासात नैराश्य कमी झालं, एचबीए१सी हललं नाही. २०१० च्या टीमकेअर या अभ्यासात २१४ जण होते. तिथे नर्सने नैराश्य, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल या चारही गोष्टींचा एकत्र पाठपुरावा केला, औषधं वेळोवेळी बदलून घेतली, आणि वर्षभरात चारही सुधारले. म्हणून ज्यांच्याकडे साखरेची वही आहे त्यांनी पीएचक्यू-९ चा आकडाही त्याच वहीत, त्याच पानावर लिहावा.

फेरतपासणीत हा कागद फार चांगला चालतो. उपचार सुरू असताना दर चार आठवड्यांनी भरावा. पाच गुणांची घट म्हणजे खरा फरक, निम्मी घट म्हणजे उपचार लागू पडला, ५ च्या खाली म्हणजे माणूस सावरला. दोन भेटींमधला फरक कुठल्या प्रश्नात पडला तेही बघावं. रात्रीची साखर आटोक्यात आल्याने फक्त झोप आणि थकवा उतरले असतील आणि पहिला, दुसरा, सहावा तसेच असतील, तर बेरीज १७ वरून १२ झाली म्हणून समाधान मानू नये.

कागदाच्या तळाशी एक दहावा प्रश्न असतो, ज्याला गुण नाहीत: या त्रासांमुळे काम करणं, घर सांभाळणं, लोकांशी जमवून घेणं किती अवघड झालं? गुण नसल्याने तो बहुतेक वेळा कोराच राहतो. मधुमेह असलेल्या माणसाला तो विचारावाच, आणि त्याच्याखाली पेनाने आणखी एक ओळ लिहावी: गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस इन्सुलिन, गोळी किंवा साखरेची तपासणी चुकली, आणि त्या दिवशी मनात काय होतं?